संचयी लाभ आणि मूल्यनिर्णय : प्राइस यांच्या प्रतिमानाची चिकित्सा

१

विज्ञानाच्या प्रकाशनव्यवहाराचा गणिती अभ्यास ज्यांनी स्वतंत्र ज्ञानशाखेच्या पातळीवर नेला, त्यांत डेरेक द सोला प्राइस (१९२२-१९८३) यांचे स्थान मध्यवर्ती आहे. संचयी लाभाच्या प्रक्रियांवरील त्यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. थोड्या शोधनिबंधांचे उल्लेख अतोनात का होतात आणि बहुसंख्य निबंध अनुल्लेखित का राहतात, या प्रश्नाला त्या निबंधाने एक काटेकोर उत्तर दिले. या उत्तराची दखल ग्रंथालयशास्त्राने आणि विज्ञानाच्या समाजशास्त्राने घेतली. साहित्यसमीक्षेने ती फारशी घेतलेली नाही. वास्तविक कीर्ती आणि गुणवत्ता यांचा संबंध काय, हा प्रश्न समीक्षेचा स्वतःचा आहे. एखादी कृती वारंवार उल्लेखिली जाते, अभ्यासक्रमांत लागते, संपादनांत निवडली जाते, म्हणून ती श्रेष्ठ ठरते काय? की प्रथम निवडली गेली म्हणूनच ती पुनःपुन्हा निवडली जाते? प्राइस यांनी हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला. मात्र त्या मांडणीचा जो अर्थ पुढे रूढ झाला तो त्यांच्या प्रतिमानाशी सुसंगत आहेच असे नाही. ही विसंगती नेमकी कोठे आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

२

प्राइस यांच्या प्रतिमानाला दीर्घ पूर्वपीठिका आहे. जी. उडनी यूल यांनी १९२५ मध्ये जीवशास्त्रातील एका प्रश्नासाठी, म्हणजे एकेका प्रजातीत मोडणाऱ्या जातींची संख्या इतकी विषम का असते हे स्पष्ट करण्यासाठी, एक प्रक्रिया सुचविली. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड लोटका यांनी ‘केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्स’च्या १९०७ ते १९१६ या दशकाच्या सूचीतील अ आणि ब या रोमन अक्षरांनी आरंभ होणारी लेखकनामे मोजली. ‘न’ इतके निबंध लिहिणाऱ्यांची संख्या एकच निबंध लिहिणाऱ्यांच्या संख्येला ‘न’च्या वर्गाने भागून येते, असे त्यांना आढळले, सुमारे ६० टक्के लेखकांच्या नावावर एकच निबंध होता.

या दोन स्वतंत्र निरीक्षणांना एका सूत्रात बांधण्याचे कार्य हर्बर्ट सायमन यांनी १९५५ मध्ये केले. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, सायमन यांनी उदाहरणादाखल घेतलेल्या सामग्रीत शहरांची लोकसंख्या आणि प्राप्ती यांच्या जोडीला जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’मधील शब्दांची वारंवारताही होती. लिहिणाऱ्याने आतापर्यंत जो शब्द जितक्या वेळा योजला असेल, तितक्या प्रमाणात तो पुन्हा येण्याची शक्यता वाढते, असे गृहीत धरले की शब्दवारंवारतेचा परिचित वक्र मिळतो. शोधनिबंधांना उद्देशून पुढे जे गणित मांडले गेले, त्याचा प्रयोग अशा रीतीने एका कादंबरीवर आधीच झालेला होता.

प्राइस यांनी १९६५ मध्ये संदर्भोल्लेखांच्या जाळ्यावरील निबंध प्रसिद्ध केला. युजीन गारफील्ड यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’मुळे निबंधांमधील परस्पर उल्लेख मोजणे तेव्हा प्रथमच शक्य झाले होते. कोणत्याही एका वर्षात अस्तित्वात असलेल्या निबंधांपैकी सुमारे ३५ टक्के निबंधांचा उल्लेख मुळीच होत नाही, ४९ टक्के निबंधांचा एकदाच होतो, आणि सहा किंवा अधिक उल्लेख जेमतेम एक टक्का निबंधांच्या वाट्याला येतात, असे त्यांनी दाखविले. ही वस्तुस्थिती होती. तिची कारणमीमांसा १९७६ च्या निबंधात आली.

या कारणमीमांसेचा गाभा साधा आहे. नवा निबंध लिहिणारा जुन्या काही निबंधांचा उल्लेख करतो. कोणत्या निबंधाचा उल्लेख होईल याची शक्यता त्या निबंधाला आतापर्यंत मिळालेल्या उल्लेखांच्या प्रमाणात असते. परंतु नव्या निबंधाचे उल्लेख शून्य असल्याने त्याला कधीच संधी मिळणार नाही, ही अडचण उद्भवते. तिच्या निवारणार्थ प्राइस यांनी प्रकाशित होणे हाच जणू पहिला उल्लेख मानला आणि प्रत्येक संख्येत एक मिळविला. नऊ उल्लेख असलेला एक आणि एकही उल्लेख नसलेला दुसरा, असे दोनच निबंध असतील तर पुढील उल्लेखाची शक्यता दहास एक अशी होते. ही क्रिया दीर्घकाळ चालू राहिली की प्रत्यक्षात आढळतो तसा विषम वक्र आपोआप तयार होतो. हा वक्र मिळविण्यासाठी निबंधांच्या गुणवत्तेविषयी कोणतेही विधान करावे लागत नाही. प्रतिमानातील सर्व निबंध एकमेकांसारखे आहेत. त्यांना केवळ जन्मकाळ आहे आणि उल्लेखसंख्या आहे. त्यांत आशय नाही, शैली नाही, सत्य नाही आणि प्रमादही नाही.

३

संचयी लाभाची चर्चा निघाली की रॉबर्ट मर्टन यांच्या १९६८ च्या निबंधाचा निर्देश अपरिहार्यपणे होतो. ख्रिस्ती शुभवर्तमानातील तोड्यांच्या दृष्टान्तात, ज्याच्यापाशी आहे त्याला अधिक मिळते आणि ज्याच्यापाशी नाही त्याचे असलेलेही जाते, असा आशय येतो. त्यावरून मर्टन यांनी ‘मत्तय परिणाम’ ही संज्ञा घडविली. मर्टन आणि प्राइस यांच्या कल्पना बहुधा एकच समजल्या जातात. त्या तशा नाहीत, आणि त्यांतील भेद मराठीतील दोन म्हणींनी चांगला स्पष्ट होतो. मर्टन यांचा मूळ रोख श्रेयाच्या वाटपावर आहे. दोन शास्त्रज्ञांनी मिळून किंवा एकाच सुमारास स्वतंत्रपणे एक शोध लावला, तर श्रेय अगोदरच नामवंत असलेल्याकडे जाते. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ या म्हणीत श्रेयाच्या अशाच अपहाराची जाणीव आहे; शिकार कोणी केली हा प्रश्न तेथे मागे पडतो. प्राइस यांच्या प्रतिमानात असा अपहार नाही. तेथे कोणाचे काही कोणी हिरावून घेत नाही; ‘पैशाकडे पैसा जातो’ एवढेच तेथे घडते. पहिल्या म्हणीत न्यायाचा प्रश्न आहे, दुसरीत निव्वळ वाढीचा.

प्राइस यांना या भेदाची जाणीव होती. दृष्टान्त दुधारी आहे: लाभ आणि हानी दोन्ही सांगतो. प्राइस यांनी आपली प्रक्रिया एकधारी ठेवली. उल्लेख झाला तर पुढील संधी वाढते. न झाला तर काहीच घडत नाही, कारण अनुल्लेख ही घटनाच नव्हे. गणिताच्या दृष्टीने हे गृहीतक सोयीचे आहे. मनुष्यव्यवहाराच्या दृष्टीने ते कितपत खरे आहे, हा प्रश्न मात्र उरतो. नेदरलँड्समधील संशोधन-अनुदानांचा थिस बोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडीच्या सीमारेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेल्या, म्हणजे परीक्षकांच्या लेखी जवळपास समान असलेल्या, तरुण संशोधकांची त्यांनी तुलना केली. रेषेच्या वर असलेल्यांना पुढील आठ वर्षांत दुसऱ्या गटाच्या दुपटीहून अधिक अनुदान मिळाले. याचे एक कारण असे आढळले की, वगळले गेलेले पुढे अर्ज करण्यातच मागे राहिले. म्हणजे अपयश ही निष्परिणाम घटना नव्हती. त्यामुळे स्पर्धक स्पर्धेतूनच बाजूला झाला. दृष्टान्ताची दुसरी धार गणिताने वगळली, तरी व्यवहाराने ती राखून ठेवली आहे.

मत्तय परिणामाच्या इतिहासातच मत्तय परिणामाचे उदाहरण सापडते. मर्टन यांच्या निबंधाचा बराचसा आधार हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल पारितोषिकविजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती हा होता. निबंधावर नाव मर्टन यांचे एकट्याचे होते. तो निबंध संयुक्त नावाने प्रसिद्ध व्हावयास हवा होता, हे मर्टन यांनी १९७३ मधील पुनर्मुद्रणाच्या वेळी मान्य केले. तथापि संकल्पना त्यांच्याच नावाशी जोडलेली राहिली. विज्ञानातील स्त्रियांचे श्रेय पुरुषांकडे वळण्याच्या प्रकाराला मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ मध्ये, मटिल्डा जॉस्लिन गेज यांच्या नावावरून, ‘मटिल्डा परिणाम’ ही संज्ञा दिली. प्राइस यांच्या संकल्पनेचेही असेच झाले. १९९९ मध्ये आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी जाळ्यांच्या वाढीसंबंधी जवळपास तेच तत्त्व, प्राइस यांच्या कार्याचा निर्देश न करता, नव्या नावाने मांडले, आणि पुढील संशोधनात तेच नाव सर्वत्र रूढ झाले. या प्रसंगांत गंमत शोधण्यापेक्षा एक गोष्ट ध्यानात घ्यावी: उल्लेखाच्या वाटा एकदा पडल्या की त्यांच्यामागचा मूळ उगम माहीत होऊनही त्या सहसा बदलत नाहीत.

४

प्राइस यांच्या प्रतिमानातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. प्रशासक म्हणतो, उल्लेखांची विषमता नियमबद्ध आहे, म्हणून उल्लेखसंख्या हे विश्वासार्ह मापन आहे. संशयवादी म्हणतो, गुणवत्तेवाचूनही ही विषमता निर्माण होते, म्हणून सारी कीर्ती पोकळ आहे. तर्कदृष्ट्या दोन्ही निष्कर्ष सदोष आहेत.

पहिल्याचा दोष स्पष्ट आहे. एखादी आकृती नियमित आहे एवढ्यावरून ती कशाचे मापन करते हे कळत नाही. दुसऱ्याचा दोष सूक्ष्म आहे. गुणवत्तेचा विचार न करता वक्र मिळतो, याचा अर्थ प्रत्यक्षातील वक्र गुणवत्तेवाचूनच निर्माण झाला असा होत नाही. एकच आकृती अनेक प्रक्रियांतून संभवते. जॉर्ज मिलर यांनी १९५७ मध्ये दाखविले की, टंकलेखन यंत्राची अक्षरे आणि मोकळ्या जागेची कळ वाटेल तशी दाबत राहिले तरी शब्दवारंवारतेचा तोच प्रकार मिळतो. म्हणून ‘युलिसिस’ यदृच्छेने लिहिली गेली असे कोणी म्हणणार नाही. वक्रातून त्याचे कारण वाचता येत नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. शब्दवारंवारतेच्या याच प्रश्नावर सायमन आणि बन्वा मांडेलब्रॉट यांच्यात १९५९ ते १९६१ या काळात जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. पुढे २००१ मध्ये जिनेस्ट्रा बियान्कोनी आणि बाराबाशी यांनी प्रत्येक घटकाला स्वतःची ‘योग्यता’ असते असे गृहीत धरून प्रतिमान सुधारले; तेव्हा उशिरा आलेला घटकही जुन्यांना मागे टाकू शकतो असे दिसून आले. गणित गुणवत्तेला सामावून घेऊ शकते; मात्र गुणवत्ता म्हणजे काय हे ते सांगू शकत नाही.

मग कारणाचा शोध कसा घ्यावयाचा? दोन प्रयत्न येथे उद्बोधक ठरतात. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४,३४१ सहभागींसमोर अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ठेवली होती. काहींना इतरांची निवड दिसत नव्हती. उरलेल्यांना आठ स्वतंत्र ‘जगां’त विभागून प्रत्येक जगात तेथील पूर्वीच्यांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले ते दाखविले जात होते. इतरांची निवड दिसू लागताच लोकप्रियतेतील विषमता वाढली आणि जगाजगांत वेगवेगळी गाणी अग्रभागी आली. उत्तम ठरलेली गाणी क्वचितच तळाशी गेली, अगदी सामान्य ठरलेली क्वचितच शिखरावर पोचली; मधल्या विस्तृत पट्ट्यात मात्र काहीही घडू शकत होते. दुसरा प्रयत्न पियरे अझुले, टोबी स्ट्युअर्ट आणि यानबो वांग यांचा, २०१४ मधील. हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेने मान्यता दिलेल्या संशोधकांचे मान्यतेपूर्वीचेच निबंध त्यांनी तपासले. निबंध तोच राहतो आणि लेखकाची प्रतिष्ठा तेवढी पालटते, तेव्हा उल्लेखांत वाढ होते काय? वाढ आढळली, पण ती अल्प आणि अल्पकाळ टिकणारी होती.

या दोहोंतून निघणारा निष्कर्ष मध्यम मार्गाचा वाटला, तरी तो तडजोडीचा नाही. कीर्ती गुणवत्तेपासून तुटलेली नसते आणि तिच्याशी बांधलेलीही नसते. ज्या मधल्या पट्ट्यात संचयी लाभ निर्णायक ठरतो, नेमक्या त्याच पट्ट्यात बहुतेक सर्व लेखन मोडते, आणि समीक्षेची गरजही तेथेच सर्वाधिक असते.

५

संदर्भोल्लेख ही कृती कोणत्या स्वरूपाची आहे, याचा विचार प्रतिमानात नाही; तो संहितेच्या अभ्यासकाने करावयास हवा. उल्लेखांची बेरीज जेव्हा मूल्य म्हणून पुढे केली जाते, तेव्हा प्रत्येक उल्लेख हे एक स्वतंत्र मत आहे असे गृहीत धरलेले असते. संचयी लाभाचे तत्त्व या गृहीतकालाच छेद देते. प्राइस यांचे म्हणणे खरे असेल तर नंतरचा उल्लेख आधीच्या उल्लेखांवर अवलंबून असतो, आणि परस्परावलंबी मते मोजून त्यांचे बहुमत ठरविता येत नाही. उल्लेखसंख्येवर विसंबणाऱ्यांना आधार म्हणून प्राइस यांचे नाव घेता येत नाही, ते याच कारणाने.

याची साक्ष प्रतींतील चुका देतात. मिखाईल सिमकिन आणि व्ही. पी. रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये भौतिकशास्त्रातील एका प्रसिद्ध निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख तपासले. त्यांत १९६ उल्लेखांत खंड, पान वा वर्ष यांची चूक होती. पण भिन्न चुका ४५ च होत्या, आणि त्यांपैकी एकच चूक ७८ वेळा आली होती. इतक्या लोकांनी स्वतंत्रपणे तीच चूक करणे असंभाव्य असल्याने उल्लेख दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उतरविले जातात, हे उघड झाले. उल्लेख करणाऱ्यांपैकी अंदाजे २० टक्क्यांनीच मूळ निबंध वाचला असावा, हे त्यांचे पुढील अनुमान वादग्रस्त आहे. निबंध वाचूनही त्याचा तपशील सोयीसाठी दुसरीकडून उतरविणे शक्य असते. तथापि उल्लेखांचा वंशवृक्ष असतो, हे त्यांचे निरीक्षण टिकून राहते.

पाठचिकित्सेला हे निरीक्षण नवे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ मध्ये आरंभलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या पायावर उभी आहे तो हाच. समान चूक म्हणजे समान पूर्वज. एकाच पूर्वजापासून उतरलेल्या शंभर प्रती म्हणजे शंभर साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत या पद्धतीचे विवेचन केले आहे. नीलकंठाच्या टीकेसह सर्वत्र पसरलेली संहिता प्रतींच्या संख्येत आणि छापील प्रसारात अग्रेसर होती; संचयी लाभाचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही. तरीही सुकथनकरांनी संख्येने मोजक्या असलेल्या काश्मिरी शारदा परंपरेला अधिक महत्त्व दिले, आणि परस्परांशी संपर्क नसलेल्या उत्तर व दक्षिण परंपरांच्या एकमताला निर्णायक मानले. त्यांनी प्रती मोजल्या नाहीत, तोलल्या. प्रचलित संहिता प्रचलित आहे म्हणून त्यांनी ती त्याज्यही ठरविली नाही. तिचे मूल्य तिच्या साक्षीच्या स्वातंत्र्यावर अवलंबून ठेवले. उल्लेखांच्या बाबतीत अशी कसोटी लावणे अशक्य नाही. एखाद्या कृतीची दखल परस्परांना अपरिचित अशा किती परंपरांनी, किती भिन्न कारणांसाठी घेतली, हा प्रश्न तिचे एकूण उल्लेख किती या प्रश्नाहून अधिक फलदायी आहे.

६

मोजण्याचे साधनही संचयी लाभापासून अलिप्त नाही. एस. सी. ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये दाखविले होते की, कोणत्याही विषयावरील लेख थोड्या नियतकालिकांत एकवटलेले असतात. गारफील्ड यांनी आपल्या सूचीसाठी नियतकालिकांची निवड मर्यादित ठेवली, ती याच एकवटण्याच्या आधारावर. व्यावहारिक दृष्ट्या ती समर्थनीय होती. परंतु जे सूचीत आहे त्याचेच उल्लेख मोजले जातात, आणि ज्याचे उल्लेख मोजले जातात तेच सूचीत राहते, असे वर्तुळ त्यातून तयार झाले. इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील, विशेषतः भारतीय भाषांतील, नियतकालिके या वर्तुळाच्या बहुतांशी बाहेर राहिली. प्राइस यांच्या सूत्रातील मिळविलेला तो ‘एक’ येथे आठवावा: प्रकाशन हाच पहिला उल्लेख. ज्याची नोंदच नाही त्याला हा ‘एक’ मिळत नाही, आणि शून्याची वाढ शून्यच राहते.

मराठी वाङ्मयेतिहासात या शून्याची उदाहरणे आहेत. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ महानुभाव पंथाच्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके बंदिस्त होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडल्यानंतरच पंथाबाहेरील अभ्यासकांना ते वाङ्मय वाचता येऊ लागले. मराठी गद्याच्या इतिहासातील त्याचे आजचे स्थान कोणत्याही संचयाचे फळ नव्हे; वाचन शक्य झाले आणि ते समर्थ ठरले, म्हणून ते मिळाले. बहिणाबाई चौधरी यांच्या ओव्या आणि गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूप झाली. त्या प्रस्तावनेने पहिला धक्का दिला हे खरे. पण असे धक्के मिळालेली सारीच पुस्तके टिकत नाहीत. दोन्ही उदाहरणांत आरंभ आणि टिकाव यांची कारणे वेगळी आहेत. संचयी लाभाचे प्रतिमान ती एकत्र करते.

भारतीय विद्यापीठांत या प्रश्नाला व्यावहारिक धार आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या लेखनाला गुणांक दिले. पुढे मान्य नियतकालिकांच्या याद्या आल्या. २०१९ मध्ये आलेली ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली. पद्धती बदलल्या, तरी लेख न वाचता त्याचे मूल्य ठरावे, ही अपेक्षा बदलली नाही. संशोधनाचे मूल्य नियतकालिकाच्या अंकावरून ठरवू नये, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने खुद्द विज्ञानक्षेत्रातूनच बजावले आहे.

मर्टन यांनी मत्तय परिणामाची एक उपयुक्त बाजूही दाखविली होती: वाचावयाचे अफाट असते, तेव्हा नामवंतांच्या नावामुळे लक्ष वेधले जाते आणि महत्त्वाचे काम लवकर पसरते. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. कोणीही सर्व काही वाचू शकत नाही. पण सोयीने केलेली निवड आणि वाचून केलेला निर्णय यांतील भेद पुसला जातो, तेव्हा समीक्षेच्या अस्तित्वाचाच प्रश्न निर्माण होतो. एखादी कृती दृष्टीस कशी पडली, ती पुनःपुन्हा का उल्लेखिली गेली, आणि ती वाचल्यावर काय आढळते, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर प्रकाशनाच्या इतिहासात आहे. दुसऱ्याच्या उत्तरासाठी प्राइस यांच्यासारख्यांचे गणित अत्यंत उपयोगी आहे, आणि वाङ्मयीन प्रतिष्ठेच्या अभ्यासकांनी ते आत्मसात करणे इष्ट ठरेल. तिसऱ्याचे उत्तर मात्र पहिल्या दोहोंतून काढता येत नाही. ज्या प्रतिमानात संहिताच नाही, त्याने संहितेविषयी निर्णय द्यावा ही अपेक्षा प्राइस यांनी केली नव्हती. ती त्यांच्या नावावर नंतर चढविली गेली.